झाकणाच्या आतली नावं

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ओट्याखाली रिकाम्या बरण्या जमतात तसे ते जमतात. "लागेल कधीतरी" म्हणून एक ठेवायची, मग दुसरी, आणि एक दिवस कपाटाचं दारच लागेनासं होतं! पुण्यातल्या एका व्यापारी संघटनेच्या निर्यात विभागात मी एकवीस वर्षं रशियन दुभाषी होते. सरकार आणि व्यापारी यांना एका टेबलाशी बसवायचं आणि जे देश नव्यानं बाजार उघडताहेत तिथं आपला माल पोचवायचा, एवढंच आमच्या विभागाचं काम. टेबलाशी सगळे बसायचे. बसण्यात कुणी कधी कसूर केली नाही.

आता निवृत्त झालेले आम्ही चार-पाचजण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. पोहे संपले की फर्माईश ठरलेली, "देवधरबाई, तो मुलाखतीचा सांगा, तो हसण्याच्या शिबिराचा सांगा." मी सांगते, सगळे हसतात. पण गेल्या महिन्यात आमचे पंपवाले यासीनभाई गेले, आणि तेव्हापासून ते हसवणारे किस्से एकटे येत नाहीत. त्यांच्या मागून दुसरे येतात. आज तेही सांगून टाकते.

* * *

आधी मुलाखतीचा.

सत्तरच्या दशकात पुण्यात रशियन शिकायची एक लाटच होती. गुळगुळीत कागदाची रशियन मासिकं स्वस्तात मिळायची; चित्रं पाहून झाली की त्याच कागदाची शाळेच्या वह्यांना कव्हरं व्हायची. मी कव्हरं घालता घालता आतलं वाचायला लागले, मग संध्याकाळचा वर्ग लावला. घरच्यांना वाटलं, लग्नाचं जमेपर्यंत पोरीला विरंगुळा.

संघटनेत जागा निघाली. मुलाखतीला चिटणीस गोगटे समोर. चष्मा कपाळावर, हातात माझा अर्ज.

"रशियन येतं?"

"येतं."

"बोला काहीतरी."

मी पाच मिनिटं बोलले. पुण्याचं हवामान, पुण्याचा व्यापार, दोन्हींचं कौतुक. गोगटे डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले तसे डोळे उघडून म्हणाले, "व्याकरण ठीक आहे. उच्चार जरा सुधारा."

गोगट्यांना रशियनचा एक शब्द येत नव्हता!

* * *

यासीनभाई आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते एक जुना पंप खांद्याला लावून.

भवानी पेठेत त्यांचा छोटा कारखाना होता, वडिलांनी सुरू केलेला. पाठीवर घेऊन फवारणी करायचे पितळी पंप तिथं हातानं बनत. पाच कारागीर, सहावे स्वतः यासीनभाई. वर्षानुवर्षं त्यांचा जवळजवळ सगळा माल सोव्हिएत देशात जायचा. दर वर्षी सरकारी पत्र यायचं, त्यात आकडा असायचा, तेवढे पंप बनवायचे, पेट्यांत भरायचे आणि मुंबईला धाडायचे. घेणारा कोण, काळा की गोरा, यासीनभाईंना माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची गरजच कधी पडली नव्हती.

मग तो देशच मोडला. त्याचे पंधरा देश झाले आणि पत्र यायचं थांबलं. इकडचे शेतकरी एव्हाना प्लास्टिकच्या हलक्या पंपाकडे वळले होते. वर्षभरात नवी ऑर्डर मिळाली नाही तर कारखान्याला कुलूप, हे यासीनभाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं.

योगायोगानं सरकारी खात्याचे उपसंचालक त्या दिवशी ऑफिसात होते. नव्या देशांशी व्यापार वाढवायची योजना त्यांच्याकडेच होती. त्यांनी फॉर्म पुढे केला. "माल कोणत्या देशात जाणार?" या रकान्यात यासीनभाईंनी माझ्याकडून लिहून घेतलं, उझबेकिस्तान; पूर्वी पेट्यांवर ताश्कंद लिहावं लागायचं, एवढं त्यांना आठवत होतं.

उपसंचालकांनी यादीवरून बोट फिरवलं. वर गेले, खाली आले. "हा देश आमच्या यादीत नाही."

गोगटे म्हणाले, "साहेब, जगाच्या नकाशात आहे."

"नकाशा आमच्या खात्याचा नाही."

यासीनभाई अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, देश गेला, कबूल. पण शेतं तर तिथंच असतील ना?"

उपसंचालकांनी फॉर्म परत घेतला आणि पेननं यादीच्या तळाशी एक देश वाढवला. माझ्या एकवीस वर्षांत सरकारी माणूस इतक्या झटपट विरघळलेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

* * *

शिष्टमंडळ जायचं ठरलं. जाण्याआधी सरकारी खर्चानं दोन दिवसांचं शिबिर, परदेशी ग्राहकाशी कसं वागावं! दिल्लीहून एक टायवाले तज्ज्ञ आले होते.

"ग्राहक आला की पहिली गोष्ट, त्याच्याकडे पाहून हसायचं."

पुण्याचे अकरा व्यापारी एकमेकांकडे बघताहेत. शेवटी लक्ष्मी रोडचे एक ज्येष्ठ कापडवाले उभे राहिले.

"अहो, काही कारण नसताना?"

तज्ज्ञ गडबडले. म्हणाले, हसल्यानं विश्वास वाढतो. कापडवाले म्हणाले, "आमच्याकडे वाढत नाही. दुकानदार हसला की गिऱ्हाईक कापड दोनदा मोजून घेतं."

दुसऱ्या दिवशी आरशासमोर सराव झाला. यासीनभाईंना हसणं जमेना. मी विचारलं, "अहो यासीनभाई, एवढं काय अवघड आहे?" तर म्हणाले, "बाई, पाच माणसं घरी बसायची वेळ आलीय. चेहऱ्याला खोटं सांगता येत नाही हो मला." मी बाहेर जाऊन उगाच पाणी पिऊन आले.

* * *

ताश्कंदला पोचलो. पहिल्याच संध्याकाळी यजमानांकडून मेजवानी. तिथली पद्धत अशी, की जेवताना प्रत्येक पाहुण्यानं उठून दोन शब्द बोलायचे. दोन म्हणजे मनापासूनचे दोन.

आमच्या उपसंचालकांनी खिशातून कागद काढला आणि दोन्ही देशांच्या सहकार्याचे चौदा मुद्दे वाचले. मी चौदाच्या चौदा रशियनमध्ये सांगितले. सातव्या मुद्द्याला पुलाव निवायला लागला. अकराव्याला एक म्हातारे यजमान डुलकी घेऊन उठले.

मग यासीनभाईंची पाळी. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मला भाषण येत नाही. आमच्या घरी जेवणाआधी बिस्मिल्ला म्हणतात, आणि ज्यानं हे पिकवलं त्याचं भलं होवो असं म्हणतात. तेवढं म्हणतो." त्यांनी तळहात वर केले.

मला भाषांतर करावंच लागलं नाही. टेबलाभोवतीच्या सगळ्या म्हाताऱ्यांचे हात वर झाले होते. डुलकी घेणारे तर डोळे पुसत होते. नंतर त्यांच्यातल्या एकानं मला सांगितलं, इतकी वर्षं सरकारी जेवणात हे असं मोठ्यानं कुणी म्हटलं नव्हतं.

उपसंचालकांनी हळूच विचारलं, "काय झालं? वृत्तांतात काय लिहायचं?"

मी लिहिलं, "दोन्ही बाजूंमध्ये सकारात्मक चर्चा झाली."

* * *

त्या डुलकीवाल्या म्हाताऱ्यांचं नाव रुस्तम. तिथं मोठ्या माणसाला आदरानं 'अका' म्हणतात, म्हणून रुस्तम-अका. जर्दाळू-द्राक्षांच्या मोठ्या सामूहिक शेताचे ते प्रमुख. काल ते शेत सरकारचं होतं, त्या वर्षी त्याची कंपनी झाली. "पाटी बदलली," ते म्हणाले, "झाडांना अजून कुणी कळवलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात ते आमच्या टेबलाशी आले. यासीनभाईंचा पंप त्यांनी उचलला, भाव विचारला नाही, काही नाही. सरळ झाकण काढलं, उलटं केलं आणि आत पाहिलं. मग अंगठा फिरवला आणि केवढ्यानं तरी ओरडले, "हाच! हाच तो!"

यासीनभाईंच्या कारखान्यात त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती. पंप ज्यानं बनवला त्यानं झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्यानं आपलं नाव कोरायचं. पंप गळला तर कुणाला बोलायचं ते कळावं, एवढाच हेतू. बाहेरच्या कुणासाठी ती नावं नव्हतीच.

रुस्तम-अकांच्या शेतावर हे पंप पंधरा-सोळा वर्षं चालत होते. त्यांनी मला विचारलं, "हे काय लिहिलंय? आमच्यात वाद आहे. कुणी म्हणतं नंबर आहे, माझी बायको म्हणते दुवा आहे." मग टेबलावरच्या कागदावर त्यांनी एक आकृती काढली, आठवणीतून. वेडीवाकडी, पण मला वाचता आली. "असं चिन्ह असलेला पंप कधी गळत नाही. सकाळी तो मिळावा म्हणून माणसं लवकर येतात. काय आहे हे?"

मी वाचलं, "दगडू."

"म्हणजे?"

"माणसाचं नाव आहे."

त्यांनी यासीनभाईंकडे पाहिलं. यासीनभाई म्हणाले, "दगडू मिस्त्री. मांजरी गावाहून सायकलनं येतो. अब्बांच्या वेळचा माणूस आहे. अजून कामावर आहे."

रुस्तम-अका खुर्चीवर बसले आणि बराच वेळ तो कागद पाहत राहिले. मग म्हणाले, मी हेच पंप घेणार. यासीनभाई हसले. शिबिरात दोन दिवसांत जमलं नव्हतं, ते आपोआप जमलं!

* * *

आता जो सांगते आहे तो किस्सा मी आमच्या मंडळींना कधी सांगितला नाही. यात मी आहे.

करार रशियनमधून आला. मी मराठीत आणि इंग्रजीत भाषांतर केलं. मालाच्या वर्णनात एक वाक्य होतं, 'प्रत्येक पंपाच्या झाकणात पूर्वीप्रमाणे कारागिराचं नाव कोरलेलं असावं.' वाचून मला फार बरं वाटलं. भाषांतर टाइप केलं, तीन प्रती काढल्या आणि सरकार-व्यापारी संयुक्त समितीकडे पाठवल्या. समितीनं तो करार 'परिशिष्ट क' म्हणून फाइलला लावला. परिशिष्ट वाचायचं असतं असं समितीत कुणाला वाटत नसे. यासीनभाईंची प्रतही त्या फाइलीतच राहिली.

कारखान्यात काम जोरात सुरू झालं. पंप तयार झाले. मग निर्यातीचा दाखला द्यायला उपसंचालक आणि एक तपासनीस भवानी पेठेत गेले. तपासनिसानं झाकण उघडलं आणि शेरा लिहिला: 'आतील पृष्ठभागावर ओरखडे. माल नापास.'

यासीनभाईंनी सांगायचा प्रयत्न केला. तपासनीस म्हणाला, "मानकात नाव हा शब्द नाही, ओरखडा हा आहे." उपसंचालक चांगले गृहस्थ, त्यांनी मार्ग काढला. ओरखडे घासून काढा, आठ दिवसांत पुन्हा तपासू, लगेच पास!

हा शेरा आमच्याकडे आला त्या दिवशी मी गोगट्यांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "साहेब, करारात तर नाव हवं असं आहे."

"समितीला कळवलंय ना तुम्ही?"

"भाषांतर पाठवलंय."

"मग झालं. बाई, भाषांतर तुमचं, निर्णय समितीचा. दुभाष्यानं मध्ये बोलू नये."

मी जागेवर येऊन बसले. समोर फोन होता. कारखान्याचा नंबर मला पाठ होता. मी फोन केला नाही. समिती सांगेल, असं स्वतःला सांगितलं आणि चहा मागवला. आयुष्यात माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या असतील, पण त्या दिवशीचा तो चहा मला अजून गोड लागत नाही.

यासीनभाईंनी बफिंगचं, म्हणजे पितळ घासून चकचकीत करायचं मशीन भाड्यानं आणलं. घाई होती, म्हणून सगळी झाकणं काढून एकत्र ढीग केला आणि आठ दिवस नावं घासणं चाललं. कारागिरांपैकी शंकरनं मला नंतर सांगितलं, दगडू मिस्त्रींनी दोन दिवस घासलं. तिसऱ्या दिवशी डबा उचलला, म्हणाले, "मालक, हे काय माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. मी हाय तवर तरी न्हाई," आणि सायकल काढून घरी गेले. ते पुन्हा कामावर आले नाहीत. महिन्याभरातच गेले. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

माल मात्र पास झाला!

* * *

आणि हा शेवटचा.

माल जहाजावर चढवण्याआधी खरेदीदारानं एकदा पाहावा, अशी दोन्ही सरकारांची अट होती. रुस्तम-अका स्वतः आले. विमानतळावर हार झाला, हॉटेलात नारळपाणी झालं. संघटनेनं त्यांना दिवसभर शहर दाखवायचं ठरवलं होतं. ते म्हणाले, "आधी कारखाना."

आम्ही भवानी पेठेत पोचलो. उपसंचालक, गोगटे, मी. आत चारी कारागीर धुतलेले शर्ट घालून उभे होते. पंप भिंतीशी ओळीनं मांडलेले, आरशासारखे चकचकीत.

रुस्तम-अकांनी पहिल्या पंपाचं झाकण उघडलं, उलटं केलं. बंद केलं. दुसऱ्याचं उघडलं. तिसऱ्याचं. ते एकेक करत भिंतीच्या टोकापर्यंत गेले. उपसंचालक मला म्हणाले, "त्यांना सांगा, आतील पृष्ठभाग आता पूर्णपणे मानकानुसार आहे."

मी सांगितलं.

रुस्तम-अका वळले. म्हणाले, "माझ्याकडेही एक समिती आहे. तिला प्लास्टिकचे स्वस्त पंप घ्यायचे होते. मी तीन महिने भांडलो. म्हटलं, हे तेच आहेत, ज्यांच्यात माणसाचं नाव असतं. त्यांनी लिहून घेतलं, नाव असेल तरच." आणि मग हळू आवाजात, "मला आता हे घेता येत नाहीत."

मी ते मराठीत सांगितलं. सांगताना यासीनभाईंकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही.

गोगटे पुढे सरसावले. "अहो, त्यात काय! आत्ता कोरून देऊ. संध्याकाळपर्यंत सगळे होतील." शंकरनं तर खिळा हातात घेतलासुद्धा. मार्ग होता. अगदी सोपा मार्ग होता. मलाही वाटलं, देव पावला.

यासीनभाई म्हणाले, "नाही."

"अहो, नाही काय?"

"झाकणं सगळी मिसळली, गोगटे साहेब. कुठला पंप कुणाचा, ते आता मलाच सांगता येत नाही. शंकरच्या पंपात बशीरचं नाव घालू? आणि दगडूचे आहेत त्यात, त्यांचं काय करू? कुणाचंही कुणावर घालायचं तर अब्बांनी ही रीत पाडलीच कशाला?"

"यासीनभाई, कारखाना बंद होईल!"

"होईल," यासीनभाई म्हणाले.

रुस्तम-अकांनी मला विचारलं, "काय म्हणताहेत?" गोगट्यांनी मला डोळ्यांनी दटावलं, सांगू नका. यासीनभाई म्हणाले, "सांगा बाई. जसं आहे तसं सांगा."

मी सांगितलं. अक्षर न गाळता सांगितलं. फोनच्या वेळी जे करायला हवं होतं, ते मी नेमकं तेव्हा केलं, आणि त्यानंच कारखाना गेला.

ऐकून घेतल्यावर रुस्तम-अकांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक लहान वही काढली. समितीपुढे भांडताना पुरावा म्हणून त्यांनी शेतावरच्या जुन्या पंपांच्या झाकणांवर पातळ कागद ठेवून, वरून पेन्सिल घासून ती सगळी नावं उतरवून घेतली होती. ते कागद वहीत चिकटवलेले. वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाचा. यांना एकदा बघून जातो."

मी वाचलं, "बशीर."

"हाजिर," बशीर म्हणाला. रुस्तम-अकांनी त्याच्यासमोर जाऊन छातीवर हात ठेवला आणि मान लववली.

"शंकर."

"हाय जी."

"इस्माईल." तो पुढे झाला. "नामदेव." त्यानं नुसताच हात जोडला.

शेवटच्या पानावर तीन कागद होते, तिन्हींवर एकच नाव. मी एकदा वाचलं, ते मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा वाचलं.

"दगडू."

बाहेर रस्त्यावर हातगाडीवाल्याचा आवाज आला, गेला. मला वाटलं, आता सांगावं लागणार. मी रुस्तम-अकांकडे वळले.

तेवढ्यात यासीनभाई भिंतीपासून एक पाऊल पुढे आले आणि शाळेतल्या मुलासारखा उजवा हात वर करून म्हणाले, "हाजिर."

ताश्कंदला ते दोघं तासन्‌तास शेजारी बसले होते. यासीनभाई कोण, हे रुस्तम-अकांना चांगलं ठाऊक होतं. ते त्यांच्यासमोर गेले, छातीवर हात ठेवला, आणि बाकीच्यांपुढे लववली त्यापेक्षा जास्त वेळ मान खाली ठेवली. मग माझ्याकडून वही मागून घेतली, पेन्सिल काढली आणि त्या तिन्ही नावांपुढे एकेक खूण केली.